गंगाफळ पोरांच्या हाती: आधी रंग, मग टाचण्या, सुरी सगळ्यात शेवटी

मोबाईलवर दिसणारा तो गोल नारिंगी भोपळा आणि आपल्या बाजारातलं गंगाफळ ही दोन वेगळी फळं आहेत. पोरांना घेऊन भोपळा सजवायला बसणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला अमेरिकेत कोरतात तो बहुतेक वेळा कुकुर्बिटा पेपो या जातीचा, कोरण्यासाठीच निवडलेला वाण. त्याची भिंत त्या मानाने पातळ असते आणि गर दोरेदार, पाणचट. खायला तो फारसा कामाचा नाही, पण सुरी सहज चालते. आपलं गंगाफळ कुकुर्बिटा मोस्चाटा. गर घट्ट, भिंत चार-पाच सेंटीमीटर जाड, साल पिकल्यावर टणक. भाजीला उत्तम, कोरायला हट्टी. व्हिडिओ बघून सुरी खुपसली की ती अर्ध्यात अडकते, मोठी माणसं जोर लावतात, आणि बोट कापतं ते ती हिसका देऊन बाहेर ओढताना.

मुळात हा प्रकार भोपळ्याचा नव्हताच. आयर्लंडमध्ये लोक सलगम पोखरून त्यात दिवा ठेवत. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मुबलक होता, म्हणून भोपळा आला. हाताशी असेल ते फळ घ्यायचं आणि त्याच्या अंगानं जायचं, एवढीच रीत. आपल्या हाताशी गंगाफळ आहे, वाळलेला दुधी आहे, आणि ऑक्टोबरचा चटका आहे. या तिन्ही गोष्टींचा हिशेब धरूनच पुढचं सगळं लिहिलंय.

बाजारात अख्खं गंगाफळ मागावं लागतं, कारण भाजीवाले ते फोडी करून वजनावर विकतात. आठवडे बाजारात सकाळी लवकर गेलात तर न चिरलेली फळं पोत्यावर मांडलेली दिसतात. मागताना शब्द जपून वापरा. "डांगर" म्हटलं तर खान्देशात काही ठिकाणी हेच फळ पुढे येईल, काही ठिकाणी खरबूज. गंगाफळ किंवा लाल भोपळा म्हटलं की घोळ होत नाही. लहान मुलांसाठी अडीच ते तीन किलोचं पुरे. मुलाला दोन्ही हातांनी कवेत घेऊन फिरवता आलं पाहिजे. पाच किलोच्या वरचं फळ मुलाच्या पायावर पडतं, हा धोका कोणी लक्षात घेत नाही.

निवडताना चार गोष्टी बघा. देठ शाबूत हवा, कारण देठ तुटल्या जागेतूनच सड आत शिरते. सालीवर नख दाबलं तर खूण उमटू नये. बुड सपाट हवं. जमिनीवर ठेवून हलकेच ढकला, डुलत असेल तर सोडून द्या. आणि खाचा उथळ असलेलं फळ घ्या. खोल खाचांचं गंगाफळ दिसायला देखणं असतं, पण त्यावर डोळा काढला की अर्धा डोळा खाचेत जातो आणि मूल रडकुंडीला येतं.

एक सल्ला देतो, पटला तर घ्या: पाच वर्षांखालच्या मुलांबरोबर कोरायला बसूच नका. त्यांना कापण्यात काडीचा रस नसतो, त्यांना हात बरबटवायचे असतात. रंग, चिकटवणं, टोचणं आणि आतला गर उकरणं ही चार कामं त्यांची. कापणं तुमचं.

रंग का सुटतो

गंगाफळाच्या सालीवर मेणासारखा पांढुरका थर असतो. शाळेतला पोस्टर कलर त्यावर थेट लावला तर ओला असताना छान दिसतो आणि वाळला की पापुद्रे होऊन गळतो. म्हणून आधी धुणं. भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, कोमट पाणी, मऊ घासणी. हे काम दोन वर्षांच्या मुलाला द्या, ते अर्धा तास आनंदात घासत बसेल. मग कोरड्या फडक्यानं पुसून वर व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापूस फिरवा. तरीही साल गुळगुळीत लागत असेल तर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं घासा, फक्त चकाकी जाईपर्यंत. साल फाटेपर्यंत घासलं तर तिथून पाणी सुटतं आणि रंग भिजतो.

ॲक्रिलिक रंग सगळ्यात चांगला धरतो. तो नसेल तर पोस्टर कलर दोन भाग आणि फेविकॉल एक भाग मिसळा. रंग थोडा फिका होतो पण गळत नाही. पाणी घालू नका. रंग घट्ट वाटला तरी पाण्याचा मोह टाळा, कारण पातळ रंग गोल फळावरून ओघळतो आणि सगळे डोळे रडके होतात. गडद हिरव्या सालीवर पिवळा किंवा लाल थेट उठत नाही, आधी पांढऱ्याचा हात द्या. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हा थर वीस-पंचवीस मिनिटांत वाळतो. तेवढ्यात मुलांना खायला द्या, नाहीतर ती ओल्या रंगाला बोट लावून बघणारच.

ब्रशपेक्षा लहानांना ठिपके जमतात. कानातल्या काड्या, पेन्सिलीच्या मागचा रबर, भेंडीचा आडवा काप. तिन्हीचे ठिपके वेगळे येतात आणि भेंडीचं फूल तर मुलांना जादूच वाटते. भिली चित्रांमधलं जनावर ठिपक्यांनीच भरलेलं असतं. तसंच गंगाफळावर खडूनं मोराची नाहीतर बैलाची नुसती कड काढून द्या आणि आत मुलांना ठिपके भरू द्या. कड मोठ्यांची, ठिपके पोरांचे. चित्र बिघडत नाही, आणि तुम्हाला मध्ये मध्ये हात घालावा लागत नाही.

सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे ओला खडू. पांढरा खडू पाण्यात अर्धा मिनिट बुडवून धुतलेल्या हिरव्या सालीवर ओढा. ओला असताना फिका दिसतो, वाळला की ठसठशीत पांढरा. चुकलं की ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा. खडू साखरेच्या पाण्यात बुडवला तर रेघ जास्त टिकते असं सांगतात, ते खरंही आहे, पण तासाभरात मुंग्यांची रांग लागते.

चुना मुलांच्या हातात देऊ नका. पांढरा रंग म्हणून तो घरात सहज सापडतो, पण डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ पाण्यात जाडसर कालवून घ्या, लालसाठी गेरू. ही दोन्ही बोटानं लावली तरी चालतात आणि तोंडात गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त हे वाळल्यावर झटकलं की पडतं, त्यामुळे एक-दोन दिवसांच्या सजावटीलाच ठीक.

कापूस, कणसाचे केस, केळीचं पान

दुकानातल्या टिकल्या आणि गोंदाच्या चमकीपेक्षा वावरातलं सामान या कामाला सरस. मक्याच्या कणसाचे वाळलेले केस म्हणजे तयार जटा. कापूस म्हणजे आजोबांची दाढी. कपाशीचं कोरडं बोंड कापूस काढल्यावर चार-पाच पाकळ्यांच्या फुलासारखं उघडं राहतं. ते देठाजवळ उलटं चिकटवलं की मुकुट होतो. केळीचं वाळलेलं पान उभं फाडून वेणी घालता येते. मूग, हरभरा, तुरीचे दाणे डोळे-दातांना.

कपाशीवर फवारण्या झालेल्या असतात, हे मात्र विसरू नका. यंदाच्या उभ्या पिकातली बोंडं किंवा काड्या थेट मुलांच्या हाती नकोत. घरामागे रचून ठेवलेल्या, गेल्या हंगामाच्या, पाऊस-उन्हानं धुऊन निघालेल्या पऱ्हाट्या घ्या (भरताची वांगी भाजायला ठेवलेल्या असतात त्यातल्याच चार ओढा). त्याही एकदा धुऊन वाळवा. टोकं कात्रीनं बोथट करा आणि फळाच्या दोन बाजूंना भोकं पाडून हात म्हणून खोचा.

चिकटवायला फेविकॉल चालतो, पण गोल बाजूला जड दाणे घसरतात. फळ एका टोपात किंवा चुंबळीवर आडवं ठेवा, वर आलेल्या बाजूला चिकटवा, अर्धा तास थांबा, मगच फिरवा. एका दमात चारी बाजू करायला गेलात की दाणे जमिनीवर आणि मूल त्यांच्यावर. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर हरभरा-मूग बाजूलाच ठेवा. नाकात घातलेला दाणा ओला होऊन फुगतो आणि मग दवाखान्याशिवाय निघत नाही.

टोचणं आणि ठोकणं

चार वर्षांपासून पुढच्या मुलांना टोचायला फार आवडतं, आणि जाड गराचं गंगाफळ याच कामाला परदेशी भोपळ्यापेक्षा चांगलं. टाचणी रुतते आणि घट्ट बसते, कारण मागे भक्कम गर आहे. रंगीत डोक्याच्या बोर्ड-पिना घ्या. साध्या बारीक टाचण्या टणक सालीवर वाकतात आणि बोटात घुसतात. साल फारच कडक असेल तर तुम्ही आधी दाभणानं भोकं पाडून द्या, मुलं त्यात लवंगा किंवा गुल काढलेल्या माचिसच्या काड्या खोचतील. पिना देण्याआधी मोजा. तीस दिल्या तर तीस परत आल्या पाहिजेत.

सहा वर्षांच्या पुढे हातोडी देता येते. दोनशे ग्रॅमची छोटी हातोडी, रुंद डोक्याचे एक इंची खिळे. खिळा बोटानं धरायचा नाही, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरायचा. हा एक चिमटा अंगठे वाचवतो. फळ ओल्या फडक्याच्या चुंबळीवर ठेवा म्हणजे ठोकताना फिरणार नाही. वीस-पंचवीस खिळे चांदणीच्या आकारात ठोकून त्यांच्याभोवती रंगीत लोकर गुंडाळली की दोन तास शांततेत जातात. खिळे एकमेकांपासून दोन सेंटीमीटर लांब ठेवा. जवळ ठोकले तर मधली साल चिरते आणि ओळीनं सगळे ढिले होतात.

म्हातारीचं गंगाफळ

लेकीकडून परतणारी म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला चकवते, ही गोष्ट मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक. तरी सजावटीत तिची आठवण कोणाला होत नाही, सगळे राक्षसाचं तोंड कोरत बसतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला राक्षसाची भीती वाटते आणि म्हातारीचं हसू येतं, म्हणून माझं मत म्हातारीच्या बाजूनं.

तीन किलोचं गंगाफळ घ्या. पोटावर खडूनं ७ सेंटीमीटरचा चौकोन काढा. हा चौकोन आरपार कापायचा नाही. कडेनं दोन सेंटीमीटर खोल चिरा द्या आणि आतला गर स्टीलच्या जाड चमच्यानं उकरा, म्हणजे एक कोनाडा तयार होतो. बिया ज्या पोकळीत असतात तिथपर्यंत जायचं नाही, त्यामुळे फळ कमी ओलं होतं आणि आरपार कापलेल्यापेक्षा एक-दोन दिवस जास्त टिकतं. मागची भिंत फुटलीच तर घाबरू नका, आतून पुठ्ठ्याचा तुकडा लावा. कोनाड्याच्या आतल्या बाजूला पेपर नॅपकिन दाबून ओल टिपा.

म्हातारी लाकडी चमच्याची. चमच्याच्या वाटीवर चेहरा, वर कापसाचा अंबाडा, खाली जुन्या लुगड्याची नाहीतर फडक्याची चिंधी. चमच्याचा दांडा कोनाड्याच्या तळात रोवला की ती खिडकीतून डोकावते. बाहेर चार बाटल्यांची झाकणं चाकं म्हणून खिळ्यानं ठोका. वाघ मुलं कागदावर काढतील, तो जवळ उभा करा. गोष्ट आता मुलंच सांगतील, बहुतेक वेळा वाघाच्या बाजूनं.

साल खरवडणं: आपल्या भोपळ्याचं खरं कोरीवकाम

हिरव्या सालीखाली पिवळा-केशरी गर असतो. नुसती साल काढली तरी चित्र झळकतं, आरपार जायची गरजच नाही. जाड भिंत इथे अडचण नसून आधार आहे. खडूनं आकार काढा, आतली साल बटाटा सोलायच्या सोलाण्यानं किंवा लिनोकटच्या (छापाचे ठसे कोरायच्या) छोट्या पटाशीनं दोन-तीन मिलिमीटर काढा. पटाशी मोठ्यांनी चालवायची आणि कायम अंगापासून लांबच्या दिशेनं. दुसरा हात पटाशीच्या मागे हवा, पुढे कधीच नको. सात-आठ वर्षांच्या मुलाला चहाच्या चमच्याची कड द्या. कोवळ्या सालीवर तेवढ्यानंही रेघ उठते.

साल निघाली की चीक सुटतो. थेंबथेंब येतो, बोटांवर वाळून कातडी आवळल्यासारखी वाटते, आणि मग मुलं तेच हात डोळ्याला लावतात. सुरुवातीलाच सगळ्यांच्या हाताला खोबरेल तेल चोळा. काम झाल्यावर पुन्हा तेल, मग साबण. सुटलेला चीक फळावर दहा मिनिटं गळू द्या आणि ओल्या फडक्यानं टिपा, नाहीतर त्याचे चिकट मणी चित्रावर तसेच वाळतात.

आरपार कापायचंच असेल तर

काही घरांत अख्ख्या कोहळ्या-भोपळ्यावर बाईनं पहिला वार करायचा नाही अशी रीत आहे. घराची रीत घरानं ठरवावी. इथे फक्त एवढंच बघायचं की ज्याचा हात स्थिर तो कापेल, आणि कापताना मुलं दोन हात लांब बसतील.

विळीवर हे काम होत नाही आणि स्वयंपाकाची मोठी सुरी इथे घातक. हार्डवेअरच्या दुकानात "एक्सा ब्लेड" मागा. लोखंड कापायचं बारा इंची पान. अर्ध्या पानाला जाड कापड आणि वरून इन्सुलेशन टेप गुंडाळली की मूठ झाली. बारीक दात असल्यानं पान करवतीसारखं पुढे-मागे सरकतं, जोर लावावा लागत नाही आणि वळणंही घेतं. आत घालायला जागा हवी म्हणून आधी ८ मिलिमीटरच्या ड्रिलनं एक भोक पाडा.

आता सगळ्यात मोठी चूक. सगळे वरून देठाभोवती झाकण कापतात. आपल्या हवेत ते झाकण दुसऱ्या दिवशी आकसतं आणि धपकन आत पडतं. शिवाय आतलं पाणी बुडाशी साठून तिथूनच सड लागते. म्हणून भोक बुडाला पाडा, १० ते १२ सेंटीमीटर व्यासाचं. देठ धरून फळ उचलायचं, ताटलीत ठेवलेल्या दिव्यावर टोपीसारखं ठेवायचं. पाणी खाली निथळतं, दिवा लावताना आत हात घालावा लागत नाही.

आतला गर आणि बिया काढणं हे मुलांचं आवडतं काम. आइस्क्रीमचा चमचा किंवा जुना जाड पळा द्या. त्यांचं झालं की तुम्ही चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून उकरून दीड-दोन सेंटीमीटरवर आणा. हे कंटाळवाणं आहे, पण ते टाळलंत तर उजेड बाहेर येणारच नाही. जाड भिंतीतलं भोक बोगद्यासारखं दिसतं. मधूनमधून अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च आत धरून बघा. जिथे साल केशरी चमकते तिथे भिंत फार पातळ झाली, तिथे थांबा.

चेहरा आधी कागदावर काढा. कागद चिकटपट्टीनं फळावर लावा, गोलाईवर सुरकुत्या पडतात तिथे कडेनं कात्रीचे छेद द्या. रेघेवर दर अर्ध्या सेंटीमीटरला दाभणानं टोचा, कागद काढा, ठिपक्यांवर कणीक चोळा. गडद सालीवर पांढरी ठिपकेरेषा उठते. आता कापा. आधी डोळे-नाक, तोंड शेवटी, कारण तोंड कापलं की फळ कमजोर होतं. दोन भोकांमध्ये किमान अडीच सेंटीमीटर साल सोडा. डोळ्याचा त्रिकोण चार-पाच सेंटीमीटरचा ठेवा, त्याहून बारीक आकार जाड गरात नीट निघत नाहीत. कापलेला तुकडा बाहेरून आत ढकला. आतून बाहेर ओढला तर साल सोलपटते. दात तुटला? टूथपिकचे दोन तुकडे घालून जोडा. जवळून दिसतं, लांबून नाही.

हे सगळं नको असेल तर ड्रिल मशीन आणि तीन बिट: ४, ६ आणि १० मिलिमीटर. मुलं ओल्या खडूनं ठिपके मांडतील, रांगोळीचे सात ते एक ठिपके म्हणा किंवा भुलाबाईच्या नावाची अक्षरं, आणि तुम्ही मंद वेगानं भोकं पाडाल. जाड गंगाफळावर सुबक दिसणारी ही एकच पद्धत म्हणा ना. भोक आतल्या बाजूनं चमच्याच्या टोकानं थोडं रुंद केलं की उजेड दुप्पट पसरतो. भाद्रपद पौर्णिमेला बसलेल्या भुलाबाईचा कोजागिरीला शेवटचा दिवस. त्या रात्री गच्चीवर खिरापत ओळखण्याच्या खेळात मधोमध असं गंगाफळ ठेवलं तर आकाशकंदिलाची उणीव भासत नाही.

दिवा बॅटरीचाच. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ मुलींच्या परकराचा घेर येतो, तेव्हा हा विषय चर्चेचा नाही. बॅटरीचा दिवा घेताना खालचं झाकण स्क्रूनं बंद होणारं बघा. आत बटणासारखा सेल असतो. तो मुलानं गिळला तर दोनेक तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

किती दिवस टिकतं

न कापलेलं, फक्त रंगवलेलं गंगाफळ सावलीत, हवेशीर जागी दोन महिनेही राहतं. कापलेलं मात्र जळगाव-भुसावळच्या ऑक्टोबरात दोन-तीन दिवस, तेही रात्री फ्रिजमध्ये ठेवलं तर. थंड देशांतले आठवड्याचे हिशेब इथे लागू नाहीत. दुपारी कापलेली कड वाळून आत वळते, रात्री चिलटं येतात, तिसऱ्या दिवशी आत पांढरी बुरशी. कापल्यावर आतून व्हिनेगर-पाण्यानं पुसून पंख्याखाली तासभर वाळवा. कडांना व्हॅसलीन लावलं तर आकसणं कमी होतं, बुरशी थांबत नाही. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर कापा त्याच दिवशी सकाळी. आदल्या दिवशी फक्त रंग आणि आखणी.

बुरशी दिसली की फळ बाहेर. "अजून एक दिवस" म्हणून ठेवू नका, आतला वास मुलांच्या खोलीत आठवडाभर राहतो.

वेलावरच काढलेलं चित्र

घरचा वेल असेल तर याहून सुंदर काही नाही. फळ नारळाएवढं झालं, साल अजून कोवळी आहे, अशा वेळी बोथट खिळ्यानं त्यावर नाव किंवा चेहरा ओरखडा. खोली एक-दोन मिलिमीटर, फक्त साल तुटेल इतकी. फळ जखम भरून काढतं आणि तिथे बुचासारखी फुगीर, भुरकट रेघ उठते. फळ वाढतं तसं नावही वाढतं. अक्षरं मोठी आणि विरळ काढा, पुढे ती ताणली जातात. पावसाची झड असेल तर थांबा, ओल्या हवेत जखमेतून सड शिरते. दोन दिवस ऊन आहे असं बघून सकाळी ओरखडा. खोल गेलात तर फळ तडकतं. मुलांना दर आठवड्याला वावरात जायला कारण मिळतं, हा वरचा फायदा.

वाळलेला दुधी

ज्यांना वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू हवी त्यांनी गंगाफळ सोडून दुधीकडे वळावं. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीला बुध्या (सजलेले आदिवासी नाचे) नाचतात त्यांच्या कमरेला वाळलेले दुधीच खुळखुळत असतात आणि अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. मुलांना ते फोटो दाखवा, सजावटीची कल्पना वेगळी सुचवावी लागणार नाही.

बाजारातला भाजीचा दुधी वाळत नाही, सडतो, कारण तो कोवळाच तोडलेला असतो. वेलावरच पूर्ण पिकलेला, देठ वाळलेला हवा. तो सावलीत टांगा आणि काही महिने विसरा. सालीवर काळपट बुरशी येईल, ती येऊ द्या. हलका झाला, हलवल्यावर बिया वाजल्या की तयार. पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून तारेच्या घासणीनं घासा, वाळवा, मग ॲक्रिलिकनं रंगवा. ड्रिलनं भोकं पाडताना आतली भुकटी उडते, ती नाका-घशाला झोंबते. नाकाला रुमाल बांधा आणि मुलांना आत पाठवा. भोकं झाली की खुळखुळ्या बिया काढून दिवा घाला, किंवा बिया तशाच ठेवून खुळखुळा करा.

उरलेलं

गंगाफळातून निघालेला गर रंगाचं सामान काढण्याआधीच डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका आणि त्याच दिवशी संपवा. घारगे करा: एक वाटी किसलेला गर, पाऊण वाटी गूळ, एकत्र शिजवून गार करायचं, चिमूटभर मीठ, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाणी घालायचं नाही, गुळाचं सुटतं तेच पुरतं. किंवा हरभऱ्याची डाळ घालून खान्देशात कानबाईच्या रोटांच्या दिवशी करतात तशी भाजी. बिया दोरे काढून धुवा, मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, गच्चीवर एक दिवस वाळवा, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. फुटायला लागल्या की झाकण ठेवा.

रंगवलेलं फळ खायचं नाही, साल जाड काढूनही नाही. रंग न लावलेलं, नुसतं कोरलेलं ताजं फळ बकरीला किंवा गाईला घालायला हरकत नाही. ज्याच्यात टाचण्या, खिळे गेले ते मात्र घालण्याआधी उलटसुलट करून बघा. गुरं न चावता गिळतात, खिळा जठराच्या पडद्यातून थेट काळजापर्यंत जाऊ शकतो. टोचताना तीस मोजल्या असतील तर काढतानाही तीस. एकोणतीस निघाल्या तर ते फळ उकिरड्यातही टाकू नका, तिथेही गुरं येतात. आधी ते चिरून तिसावी शोधा.